ठकूबाईला मुलगा नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत नाही, जिला मी सगळं सांगते असं जगाला सांगत असते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझी पत्रकं वाचली असण्याची शक्यता आहे. गुलाबी कागद, वर ठळक मथळा, खाली मागण्या. नाशकात जुन्या सीबीएस बसस्टँडबाहेर, पेठ रोडच्या भाजीबाजारात मी ती स्वतः उभी राहून वाटली आहेत. त्यातलं एक पत्रक खोटं होतं. चुकलेलं नव्हतं — खोटं होतं. लिहिताना मला ते माहीत होतं.

कुठलं, ते सांगते. पण बघा ना, दुसऱ्या कुणाबद्दल लिहायचं असलं की माझं पहिलंच वाक्य समोरच्याच्या कानफटात बसतं. ग्रामसेवक असो, तलाठी असो, बँकेचा मॅनेजर असो. स्वतःवर आलं की मला प्रस्तावना सुचते.

तर प्रस्तावना. आमची संघटना नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरातल्या पाड्यांवर काम करते. भात आणि नागली पिकवणारी माणसं. दिवाळी झाली की घराला कडी घालून पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला उतरतात, आणि उन्हाळ्यात परत वर चढतात. तिथल्या विधवा बायांना निराधार योजनेचे पैसे मिळायचे. त्याला तिकडे 'निराधारचा पगार' म्हणतात. हा पगार महिनोन्‌महिने यायचा नाही. वर दरवर्षी हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तालुक्याला खेपा. तेवढ्यात लाडकी बहीण योजना आली. तिचे पैसे वेळेवर पडत होते. पण नियम असा, की दोन्ही घेता येत नाहीत. एक सोडायची, मग दुसरी धरायची.

बाया घाबरत होत्या. निराधारचा पगार सोडला तर घरकुल जाईल का, हा एकच प्रश्न प्रत्येक पाड्यावर. कारण बऱ्याच जणींना घरकुल मंजूर झालं होतं आणि घरकुलाचे पैसे एकदम येत नाहीत. जोतं झालं की एक हप्ता, भिंती वर आल्या की पुढचा. मध्येच अडलं तर अर्ध्या भिंती आणि वर आभाळ.

मी नियम वाचले. खरंच वाचले. घरकुलाचा आणि पगार बदलण्याचा काही संबंध नव्हता. मग मी पत्रक लिहिलं — 'पगार बदला, घर राखा'. त्यात एक ओळ चौकटीत होती: आमच्या अर्जाने एकाही बहिणीचं घरकुल अडणार नाही. चौकट माझी कल्पना. मला चौकटी आवडतात. चौकटीत लिहिलेलं लोकांना खरं वाटतं.

हे पत्रक खोटं नव्हतं. खोटं पुढचं.

निराधार सोडण्यासाठी तहसीलदारांना अर्ज द्यावा लागतो. मी एक नमुना आधीच केलेला होता, देवळाली कॅम्पातल्या एका बाईंसाठी. त्यांचा मुलगा नुकताच कामाला लागला होता, म्हणून मी अर्जात कारण घातलं होतं: 'माझा मुलगा कमावता झाला असून तो माझा सांभाळ करतो, सबब मला सदर अनुदानाची आवश्यकता राहिलेली नाही.' वाक्य छान जमलं होतं. सरकारी आणि तरीही स्वाभिमानी. खरं म्हणजे कारण देण्याची गरजच नव्हती. 'स्वेच्छेने' एवढा एक शब्द पुरला असता.

तोच नमुना मी पाड्यांसाठी झेरॉक्स केला. नाव, वय, गाव यांच्या जागा कोऱ्या. मुलाचं वाक्य छापील.

आमच्या शिबिरात कार्यकर्त्यांना पहिली गोष्ट कोण शिकवतं माहितीये? मीच शिकवते. अर्ज वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून शिकवते. आणि त्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर चाळीसएक बाया बसलेल्या, परतीची शेवटची गाडी चारची, आणि मी नाव विचारतेय, वय विचारतेय, अंगठा धरतेय, शाईच्या पॅडवर दाबतेय, कागदावर टेकवतेय. पुढची. पुढची.

ठकूबाई त्यांच्यातली एक. साठीला टेकलेली, बारीक, हसली की डोळे मिटून जायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती खालच्या पाड्यावर दिलेली. मुलगा नाही. झालाच नाही. मी विचारलं, मावशी, वाचून दाखवू का? ती म्हणाली, "तू वाचलास ना, बाय? मंग झाला."

मी वाचला नव्हता. मी लिहिला होता, म्हणजे वाचला असंच मला वाटायचं. तिचा अंगठा मी धरला. नागली दळून, लाकडं फोडून इतका घासला गेलेला, की ठसा उमटेना. दोनदा दाबावा लागला. दोनदा — म्हणजे थांबायला वेळ होता. थांबले का?

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. ठकूबाईचं नाव घरकुलाच्या यादीत वर का होतं? घरात कर्ता पुरुष नाही म्हणून. बाई एकटी म्हणून. आणि आता तिच्याच अंगठ्याचा कागद सांगत होता की तिला कमावता मुलगा आहे आणि तो तिला पोसतो. तहसीलमधून तो अर्ज चौकशीसाठी ग्रामपंचायतीत गेला, तिथून पंचायत समितीत कुणीतरी तो घरकुलाच्या फायलीशेजारी ठेवला. हप्ता थांबला. तिच्यासोबत आणखी तिघींचा. त्यांनाही मुलगे नव्हते.

तोवर ठकूबाईने जुनी झोपडी पाडली होती. घरकुल त्याच जागेवर बांधायचं असतं, त्यामुळे पाडावीच लागते. कुडाच्या भिंती, वर गवत, पण घर होतं ते. नव्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. पाणी तिने स्वतः डोक्यावरून वाहिलं होतं, जोत्याचे दगड नदीतून मुलीला घेऊन आणले होते. हप्ता थांबला तसा गवंडी दुसऱ्या कामावर गेला. ती त्या अर्ध्या भिंतींच्या आत, एका कोपऱ्यावर निळं प्लास्टिक ओढून राहायला लागली.

इथपर्यंत चूक आहे. चुका माणसांकडून होतात, असं मी इतरांच्या बाबतीत कधी म्हटलेलं नाही, म्हणून स्वतःच्या बाबतीतही म्हणत नाही. पण निस्तरता येण्यासारखी होती ती. फार सोप्या रीतीने.

त्या गावचे ग्रामसेवक गांगुर्डे भाऊसाहेब. पन्नाशीचे, दमेकरी, मोटरसायकलवर मागे दप्तराची पिशवी दोरीने बांधलेली. त्यांनी मला फोन करून तालुक्याच्या स्टँडवर चहाला बोलावलं. अर्जाची प्रत पुढे ठेवली. ओरडले नाहीत. मला वाटतं, ओरडले असते तर मला बरं पडलं असतं.

"ताई, बाईला मुलगा नाही हे मला ठाऊक, गावाला ठाऊक. कागदाला ठाऊक नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोन ओळी द्या. नमुना आमचा, छापील वाक्य चुकून राहिलं. मी पंचनामा जोडतो आणि आजच साहेबांच्या टेबलावर ठेवतो. महिन्याभरात हप्ता पडेल. चौघींचा."

मी म्हटलं, लेटरहेडवर?

"मग कशावर? तुमच्या पत्रकावर देता का?" ते हसले. "गुलाबी कागद साहेबांना चालत नाही हो."

दोन ओळी. मी दिवसाला चार पानं लिहिते. मी म्हटलं, बघते, वर विचारावं लागेल. वर कुणालाच विचारलं नाही. का नाही दिल्या? मी हा प्रश्न इतक्या वेळा उलटापालटा केला आहे की आता त्याला धार राहिलेली नाही. आठवड्यावर आमचा मेळावा होता. बाहेरच्या जिल्ह्यांतून कार्यकर्ते येणार होते, आणि आमचा पगारबदलाचा कार्यक्रम कसा राबवला ते मी उभी राहून सांगणार होते. अहवालात मी लिहून बसले होते — एकही अर्ज चुकीचा नाही. आणि चौकट. ती चौकट माझी होती. 'एकाही बहिणीचं'. चार बहिणींचं अडलं होतं आणि अडवणारी मी होते. हे लेटरहेडवर, सहीनिशी, मी एका ग्रामसेवकाच्या हातात देऊ? ज्या जमातीवर मी पाच वर्षं लेखणी परजली, त्यातल्या एकाला?

एवढंच. याहून मोठं कारण नाही. मला शोधूनही सापडलं नाही.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. मथळा: 'भोळ्या बायांचे अंगठे कोऱ्या कागदावर'. मजकूर असा, की ग्रामसेवकाने आदिवासी विधवांचे कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, त्यावर नसलेला मुलगा लिहिला आणि त्यांची घरकुलं अडवली. गांगुर्डे भाऊसाहेबांचं नाव ठळक अक्षरात. माझ्याकडे नमुन्याच्या कोऱ्या प्रती उरल्या होत्या, त्या मी फाडून पाण्याच्या बादलीत भिजत घातल्या आणि लगदा कचऱ्याच्या गाडीत टाकला. कॉम्प्युटरमधली फाईल पुसली. मला तेव्हा अन्यायाची खरीखुरी चीड येत होती. मी खोटं लिहीत होते आणि रागाने माझे कान तापले होते — अशी मी आहे.

लोकांनी ते खरं का मानलं? कारण असं होतं. दुसऱ्या गावांत ग्रामसेवक घेतात कोऱ्या कागदावर अंगठे. आम्ही ते पकडलंही आहे. म्हणजे माझं खोटं माझ्याच खऱ्या कामाच्या जिवावर खपलं. आता कुठल्याही गावात मी तीच तक्रार घेऊन उभी राहिले तर ती खरी असेल, आणि सांगणारी खोटी असेल. केवढी घाण करून ठेवली मी.

आणि ही अजून सगळ्यात वाईट गोष्ट नाही. ती आता येते.

पंचायत समितीवर मोर्चा ठरला. ठकूबाईला बोलायला उभं करायचं, हेही मीच ठरवलं. बाकीच्या तिघी पिंपळगावला द्राक्षांवर गेल्या होत्या. गाडीत मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्याकडून वाक्य घोकून घेतलं — भाऊसाहेबांनी कोऱ्या कागदावर माझा अंगठा घेतला. ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन भाऊसाहेबानं कवा घेतला गं? तूच धरला व्हता ना, बाय. समाजमंदिरात."

पुढच्या सीटवरची मुलं गाण्यांच्या भेंड्या लावत होती. कुणी ऐकलं नाही.

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगते. मी म्हणाले, "मावशी, असं बोललात तर तुमचं घर जाईल. आणि त्या तिघींचंही. मी सांगते तसं बोललात तर तुमची सगळ्यांची घरं होतील."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं. तू म्हनशील तसा. पन घर होव दे."

तुम्ही विचाराल, मला तेव्हा काहीच वाटलं नाही का? वाटलं. हायसं वाटलं.

मोर्च्यात तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि ते वाक्य म्हटलं. आवाज एवढासा, पण भोंग्यातून मोठा झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले. कचेरीच्या खिडकीत गांगुर्डे भाऊसाहेब उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मी न शिकवलेलं बोलली — "पन मानूस चांगला हाय तो. माझ्या मालकाच्या मरणाचा दाखला त्यानंच—" मी माईक काढून घेतला. तिच्या बोटांतून ओढून घेतला. आणि घोषणा दिली. घोषणा देण्यात माझा हात कुणी धरत नाही. भाऊसाहेबांचा दमा, ठकूबाईचं अर्धं वाक्य, सगळं त्या घोषणेखाली गेलं.

भाऊसाहेबांची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात, आणि खात्याची चौकशी लागली. नमुना संघटनेचा होता असं त्यांनी लिहून दिलं होतं म्हणे. पुरावा नव्हता; अर्जावर संघटनेचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. पुरावा बादलीत गेला होता. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. मीही खाल्ला.

घरकुल? अहो, ग्रामसेवकाची चौकशी लागली म्हणजे त्याच्याकडचे कागदही चौकशीत. नवे भाऊसाहेब आले, ते जुन्या फायलीला हात लावेनात. मी मोर्चा नेऊन एका बंद दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. वर्ष गेलं. तेव्हा कुठे मी पंचायत समितीला एक पत्र दिलं. त्यात काय लिहिलं? 'काही अर्जांत टंकलेखनाची त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे.' कोणाची त्रुटी, कोणाच्या निदर्शनास, काही नाही. माणूसच नसलेलं वाक्य. अशा वाक्यांवरून मी साहेब लोकांना भर सभेत सोललेलं आहे. टेबलावरच्या बाईंनी पत्र वाचून बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, "ही यादी बंद झाली मॅडम. चौघी अपात्र दाखवल्यात. आता पुढच्या सर्वेक्षणात नाव आलं तर."

चौघींचीही घरं झालेली नाहीत. 'लाडकी बहीण'चे पैसे मात्र ठकूबाईला येतात, अगदी नियमित. तेवढं माझं पत्रक खरं ठरलं.

गेल्या महिन्यात मी वर गेले होते. दुसऱ्या कामाला — तिला भेटायला म्हणून गेले असं लिहिलं तर तेही खोटं होईल. ती आता खालच्या पाड्यावर मुलीकडे राहते. पडवीत एका बाजूला तिचं अंथरूण, एक पत्र्याची पेटी. जावई बरा आहे, पण जावयाच्या घरात बाई कशी बसते ते तुम्हाला माहीत असेल. भिंतीला पाठ न टेकता. तिच्या भिंती वर तशाच उभ्या आहेत, त्यात कुणीतरी शेळ्या बांधतं.

मला बघून डोळे मिटून हसली. चहा केला, कोरा, गूळ घालून. मला पाट दिला आणि स्वतः जमिनीवर बसली. मी जवळजवळ बोलणार होते. तोंड उघडलंही होतं.

तिने आधी विचारलं. "त्या तिघींची झाली ना गं घरं? तू म्हनली व्हतीस, मी बोलले म्हंजी त्यांची होतील. त्या कुठं भेटत नाय, दूर पडल्या. मला आपला घोर."

"हो मावशी," मी म्हणाले. "झाली."

"मंग बरं," ती म्हणाली. "माझा नाय झाला तर नाय. मी काय, मुलीकडे हाय. त्यांना कोन व्हतं?" आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मी तो प्यायले.